दे, देअर, देम

"एक रविवार मिळतो माणसाला, त्यातबी ह्यो तमाशा! जे बोलायचं ते एकदा बोलून मोकळं व्हावं की. दर आठवड्याला कशाला जिवाला घोर?"

संयोगिता हे कुकरला म्हणाली. म्हणजे तोंड कुकरकडे होतं. ओटा आणि जेवणाचं टेबल यांच्यामध्ये एक फ्रिज तेवढा आडवा होता, आणि फ्रिजच्या अलीकडे शालूबाई वही उघडून बसली होती. संयोगितानं आवाज हळू केला होता हे खरं. पण कोल्हापुरात हळू म्हणजे चार घरांऐवजी दोन घरांना ऐकू जाईल एवढाच.

शालूबाईनं ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. सत्तेचाळीस वर्षांत ही एक विद्या तिला कुणी न शिकवता पक्की आली होती. शिवाय भावजयीचं काय चुकलं? पाच रविवार झाले, नणंद सकाळी साडेदहाला पिशवी घेऊन दारात उभी. चहा द्या, जेवण द्या, आणि वर नवराबायकोचा एकुलता सुट्टीचा दिवस द्या. तिच्या जागी आपण असतो तर कुकरशी बोललोच नसतो, कुकर उडवूनच दिला असता.

दारात वाकवलं नाही म्हणून पायातच राहिलेली चप्पल तिनं टेबलाखाली काढली आणि पाय फरशीवर टेकले. मे महिन्यात गार लागणारी तेवढी एकच गोष्ट. पहाटे उठून घरची भाकरी-भाजी, मग हातकणंगल्याहून सकाळची गाडी, कोल्हापूर स्टेशनातनं कळंब्याची बस, जेलच्या अलीकडे उतरून पंधरा मिनिटं चाल. पाय सुजून वरच्या पट्ट्याचे वळ उठले होते. आठवडाभर अंगणवाडीत चाळीस पोरांची खिचडी, त्यांची नाकं, पाण्याच्या घागरी, आणि रविवारी हे. इंग्रजीची सर्वनामं.

अठरा वर्षं ती अंगणवाडीची मदतनीस होती. सेविका व्हायला बारावी लागते, आणि बारावीला आधी दहावी. म्हणून गेल्या वर्षी तिनं सतरा नंबरचा फॉर्म भरला आणि बाहेरून दहावीला बसली. सगळ्या विषयांत कशीबशी पार झाली. इंग्रजीत अठरा मार्क. आता पुरवणी परीक्षा होती, तिच्या फॉर्मची उद्या शेवटची तारीख होती, आणि अंगणवाडीतली सेविका अडीच वर्षांनी निवृत्त होणार होती. तोवर दोन्ही परीक्षा पार केल्या तर ठीक, नाहीतर बाहेरून कुणीतरी चोवीस वर्षांची पोरगी येऊन खुर्चीवर बसेल आणि शालूबाई तिच्या पाण्याची घागर भरेल. पोरगी चांगली असेल, त्याबद्दल तक्रार नव्हती. घागरीबद्दल होती.

आणि शिकवायला घरचाच माणूस होता. धाकटा भाऊ बाळासो. एका हायस्कुलात इंग्रजी शिकवणारे खोत सर. व्याकरण शिकावं तर खोत सरांकडून, असं त्यांच्या शाळेतली पोरं सांगत. वर्गात तो म्हणे एका पोराला उठवून त्याच्या जागेवर दुसऱ्याला बसवायचा आणि सांगायचा, हा बसला ना त्याच्या जागेवर, हे झालं सर्वनाम. पोरं हसत हसत शिकायची. शालूबाईला शिकवताना मात्र तो खिडकीतून बाहेर बघायचा, घड्याळ बघायचा, वही बघायचा. तिच्याकडे बघायचा नाही.

"हां, अक्का." तो बाहेरच्या खोलीतून आला आणि खुर्ची ओढून बसला, टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला. "वाक्यं आणलीस का करून?"

तिनं वही सरकवली. त्यानं एक नजर टाकली आणि कपाळ चोळलं.

"हे काय लिवलंयस? 'अवर हसबंड वर्क्स इन इचलकरंजी.'"

"मग? मागावर कामाला हाईतच की इचलकरंजीत. खोटं कुठं हाय?"

"अवर म्हंजे आमचा. किती जणींचा नवरा हाय त्यो?"

सोफ्यावर मोबाईल घेऊन बसलेली अनुजा खुदकन हसली. ही बाळासोची मुलगी, नुकतीच बारावी दिलेली. आत्तीचे सगळे फॉर्म तिनंच भरले होते.

"आमचे मालक म्हणतोच की आपण," शालूबाई म्हणाली. "माझा नवरा म्हणून गावभर सांगत सुटायचं व्हय? कसं दिसतंय ते?"

"इंग्रजीत तसंच दिसतंय. माय हसबंड. खोड ते." बाळासोनं पान उलटलं. "सर्वनामाचे प्रकार किती?"

"गेल्या रविवारी तू सात म्हणालास. पुस्तकात आठ हैत. मधल्या आठवड्यात एक वाढला बघ."

"काही पुस्तकांत आठ धरतात."

"धरू देत बापडे."

मग त्यानं एकेक घ्यायला सुरुवात केली. बोट दाखवून बोलायची ती दर्शक, धिस आणि दॅट. ती तिला लगेच कळली, कारण सुपरवायझर मॅडम अंगणवाडीत आल्या की त्याच दोन शब्दांवर तास काढत. हे काय, ते काय. मग अनिश्चित आली. समबडी, नोबडी, एव्हरीबडी.

"हे तर घरचंच," शालूबाई म्हणाली. "मॅडम म्हणत्यात, कुणीतरी पाणी भरून ठेवा. तवा बाकीच्या सगळ्या नोबडी, आन मी समबडी."

अनुजा मोठ्यानं हसली. ओट्यापाशी संयोगिताचंही नाक वाजलं. बाळासो हसला नाही.

"आता आत्मवाचक. केलेलं काम करणाऱ्यावरच येतं. आय कट मायसेल्फ. मी स्वतःला कापलं. शी बर्न्ट हरसेल्फ. तिनं स्वतःला भाजून घेतलं."

"सगळं कापायचं, भाजायचंच हाय व्हय ह्याच्यात?"

"न्हाई. शी एन्जॉइड हरसेल्फ. तिनं मजा केली."

"हे येतंय परीक्षेत?"

"येऊ शकतंय."

"मग लिवून घेतो," असं म्हणून शालूबाईनं ते वाक्य वळणदार अक्षरात लिहून घेतलं. तिचं इंग्रजी अक्षर सुंदर होतं. इतकं की पहिल्या रविवारी अनुजानं वही उचलून विचारलं होतं, "आत्ती, तुला शाळेचा कंटाळा होता ना? मग अक्षर असलं कसं?"

ही गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. शालूला शाळेचा कंटाळा. आठवीत दप्तर टाकून म्हशीमागं पळायची. शेवटी आबांनी कंटाळून नाव काढलं. वडील ज्ञानूआबा जिवंत होते तोवर ते सांगत, मग आई सांगायची, मग बारशा-लग्नांत बाळासो सांगू लागला. पुढं पुढं शालूबाईनं स्वतःच्या पोरांनाही हीच गोष्ट सांगितली. इतक्यांदा सांगितली की त्या म्हशीच्या कपाळावरचा पांढरा ठिपकासुद्धा तिला दिसायला लागला होता. खरं म्हणजे त्यांच्या घरात त्या वर्षी म्हैस नव्हती.

फॉर्म भरताना शाळा सोडल्याचा जुना दाखला काढावा लागला होता. त्यावर निळ्या शाईत लिहिलेलं होतं, अभ्यासातील प्रगती : उत्तम. अनुजानं तो बापापुढं धरला तेव्हा बाळासो म्हणाला, "तवा सगळ्यांनाच उत्तम लिवायचे." त्या वेळी स्वयंपाकघरात संयोगिताच्या हातून एक पातेलं जरा जास्तच जोरात खाली ठेवलं गेलं होतं. शालूबाईनं पिशवीची नाडी ओढून घेतली होती. विषय तिथंच मिटला, म्हणजे सगळ्यांनी मिळून मिटवला.

घडलं होतं ते साधं होतं. गडहिंग्लजच्या पुढं त्यांचं गाव. चौथीला बाळूचा शाळेत पहिला नंबर आला आणि गुरुजी आबांना म्हणाले, पोरगं कोल्हापुरात घाला. त्या काळी तिकडच्या बऱ्याच घरांची हीच रीत होती. पोराला शहरात एक खोली करून द्यायची आणि त्याच्या भाकरीला घरातलं एक बाईमाणूस सोबत धाडायचं. आजी असली तर आजी, नाहीतर बहीण. खोतांची आजी अंथरुणाला खिळलेली होती. मंगळवार पेठेतल्या एका जिन्याखालच्या खोलीत दहा वर्षांचा बाळू आणि तेरा वर्षांची शालू राहायला आली. तो पाचवीत गेला. ती वातीच्या स्टोव्हपाशी गेली. सहा वर्षांनी त्याची दहावी झाली आणि त्याच मे महिन्यात तिचं लग्न.

"अक्का, लक्ष कुठं हाय?" बाळासोनं पेन आपटलं. "द बॉय हू ब्रोक द पॉट. ह्यातलं 'हू' कुठल्या प्रकारचं?"

"प्रश्नाचं."

"प्रश्न कुठं हाय त्यात? कोणी फोडलं असं न्हाई विचारलेलं. ज्यानं मडकं फोडलं तो पोरगा. संबंधी सर्वनाम. तीनदा सांगितलंय."

"मडकं फुटलं म्हटल्यावर कुणी फोडलं हे विचारणारच की माणूस."

"चेष्टा नको!"

"मी कुठं चेष्टा करतोय?" ती खरोखरच करत नव्हती. डोळ्यांपुढं अक्षरं हलत होती. "बाळू, मी पहिल्या दिवशीच म्हणालो, पहिल्यांदा तक्ता घेऊया. आय-माय-मी-माईनचा. तिथनं सुरू केलं की मला धागा सापडतोय. तू तेवढं सोडून सगळं घेतोयस."

"तक्ता पोरासोरांचा असतो." तो पटकन म्हणाला. "ते नको. हे सांग, पोराच्या जागी मांजर घातलं तर 'हू' येईल का 'विच'?"

तिनं पदरानं कपाळ पुसलं आणि वहीची मागची पानं चाळली. पंखा गरगरत गरम हवाच इकडची तिकडं करत होता.

आणि तेवढ्यात बाळासो, ज्याच्या तोंडून शाळेतल्या ढ पोरालाही कधी वाकडा शब्द जात नाही, तो म्हणाला, "जाऊ दे अक्का. न्हाई व्हायचं हे. तुला पयल्यापासनंच शाळेचा कंटाळा."

अनुजानं मोबाईल खाली ठेवला. संयोगितानं गॅस बंद केला तो टिक् आवाज स्पष्ट ऐकू आला.

"उद्याचा फॉर्म ह्या खेपेला भरू नकोस," तो खाली बघत म्हणाला. "उगं जिवाला तरास. वय झालंय. हाय ते बरं चाललंय की."

"बरं," शालूबाई म्हणाली.

एवढंच. तिनं वही मिटली, पेनाला टोपण लावलं, दोन्ही पिशवीत घातलं. चौतीस वर्षांपूर्वी आबांनी उंबऱ्यात बसून सांगितलं होतं, शालू, तुझं नाव काढून आलोय, सोमवारी बाळूसंगट जायचंय, तेव्हाही ती हेच म्हणाली होती. बरं. हा शब्द तोंडात इतका बसला होता की बाहेर पडताना कुठं खरचटतही नव्हता. उलट आतून थोडं हलकंच वाटलं. चला, रविवार सुटले. पाय सुटले.

ती उठून स्वयंपाकघराच्या तोंडाशी गेली. "संयोगिता, येतो ग मी. दीडची गाडी मिळंल. आता न्हाई तरास द्यायची तुला."

संयोगिता वळली. तिच्या हातात वरणाची पळी होती. "वन्सं, तुम्हास्नी कुठं काय म्हटलं मी?"

"मगाशी बोललीस ते बरोबरच हाय. रविवार एकच असतोय."

"ते मी तुम्हास्नी न्हाई म्हटलं." संयोगितानं पळीनंच टेबलाकडं खूण केली. "त्यांना म्हटलं. पाच रविवार बघतोय मी. तुम्ही गेल्यावर ह्यो माणूस जेवत न्हाई. गॅलरीत जाऊन उभा राहतोय तळ्याकडं बघत. जे बोलायचं ते बोलत न्हाई, आन तुमच्यावर खेकसतोय."

"संयोगिता!" बाळासो म्हणाला.

"मी काय बोलतोय? मी वरण ढवळतोय." आणि ती खरोखर वरण ढवळू लागली.

शालूबाईला काय करावं कळेना. अशा वेळी ती नेहमी करायची तेच तिनं केलं. "अगं, मास्तर माणूस हाय, खेकसणारच," असं म्हणून पदर खोचला आणि चप्पल शोधायला टेबलाखाली वाकली.

"आत्ती, थांब." सोफ्यावरून उठून आलेल्या अनुजानं चप्पल आधीच पायानं मागं ओढून घेतली होती. "तो तक्ता येतो ना तुला? मला म्हणून दाखव. तक्ता पक्का असला तर बाकीचं मी घेते करून. फॉर्म उद्या रात्रीपर्यंत भरता येतो."

"अनुजा, तिला जाऊ दे, गाडी चुकंल," बाळासो म्हणाला.

"दोन मिनिटं, पप्पा."

शालूबाई टेकली. चप्पल दिली नाही तर जाणार कुठं? "येतोय, पण असा येत न्हाई मला. हात चालावा लागतोय."

"म्हणजे?"

"म्हणजे असा." तिनं दोन्ही हात टेबलावर आणले आणि समोर पीठ आहे अशी थापायला सुरुवात केली. थप, थप, फिरव. थप, थप, फिरव. "आय, माय, मी, माईन. वी, अवर, अस, अवर्स." थप, थप. "एका ओळीला एक भाकरी. यू, युवर, यू, युवर्स. ह्यो पाठ करत बसायचा खोलीत, आन मी ऐकायचो. पुस्तक त्याच्याकडं, भाकरी माझ्याकडं. चुकला की मी तव्यावरनंच सांगायचो. ही, हिज, हिम, हिज. शी, हर, हर, हर्स."

ती डोळे मिटून म्हणत होती. आवाज बदलला होता. शब्दांना एक हेल आला होता, गडहिंग्लजकडचा, लहान पोराचा, शेवटचा शब्द वर उचलणारा. अनुजा टाळीचा ठेका द्यायला लागली होती.

"इट, इट्स, इट." थप, थप. "दे, देअर, देम, फाटलंय."

"काय?"

"दे, देअर, देम, फाटलंय." शालूबाईनं डोळे उघडले. ती हसत होती. दिवसभरात पहिल्यांदाच. "शेवटची भाकरी."

"फाटलंय?" अनुजा पोट धरून हसली. "आत्ती, तिथं देअर्स आहे! तू परीक्षेत पण..."

"परीक्षेत ती जागा मोकळी सोडली. फाटलंय लिवायचं न्हाई एवढी अक्कल हाय मला. पण तिथं काय असतंय ते माहीतच नव्हतं. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तक्ता हुता, आन खालचा कोपरा फाटलेला. ह्यो तिथवर आला की म्हणायचा, फाटलंय. रोज. तालात. मग मलाबी तसंच पाठ झालं."

"पप्पा, ऐकलं का? तुम्ही..."

बाळासो हसत नव्हता. तो पहिल्यांदाच तिच्याकडे बघत होता. तिच्या हातांकडे. ते अजून टेबलावर पालथे पडलेले होते, बोटं थोडी फाकलेली, भाकरी परतायला उचलावी तशी.

"कोपरा कसा फाटला?" अनुजानं विचारलं.

"जुनं पुस्तक. फाटायचंच."

"जुनं म्हणजे कुणाचं?"

शालूबाईचे हात टेबलावरून मांडीवर आले. "असंल कुणाचंतरी. तवा काय, कुणाकुणाची पुस्तकं वापरायची पोरं." बोलता बोलता तिनं पिशवी जवळ ओढली. या वाटेनं ती चौतीस वर्षं जात होती, डोळे मिटूनही चुकली नसती. "दे बाई ती चप्पल. खरंच गाडी..."

"तुझं हुतं."

बाळासो उठला होता. खुर्ची मागं सरकली आणि भिंतीला लागली. खोत सरांचा वर्गातला आवाज कुठं गेला होता कोण जाणे. हा आवाज शेवटचा शब्द वर उचलणारा होता.

"तुझं पुस्तक हुतं, अक्का. आठवीसाठी आबांनी नवं आणलेलं, जूनमध्ये. मी आठवीत गेलो तवा तेच मला आलं. त्या पानाच्या पाठीमागं तू नाव घातलंतंस. शालन ज्ञानू खोत, आठवी ब."

"बाळू, राहू दे."

"पोरं चिडवायची मला वर्गात. शालन, ए शालन, म्हणायची. म्हणून तेवढा कोपरा फाडला मी. तुझ्यासमोर बसून. तू पीठ मळत हुतीस. काय बोलली न्हाईस."

"ल्हान हुतास तू."

"तवा ल्हान हुतो. आता चव्वेचाळीसचा हाय." त्यानं अनुजाकडं बघितलं, मग फ्रिजच्या पलीकडं, जिथं पळीचा आवाज थांबला होता, आणि मग परत बहिणीकडं. "अनुजा, ऐक. तुझी आत्ती कुठल्या म्हशीमागं पळाली न्हाई. आमच्यात म्हैसच न्हवती. तिचा वर्गात पयला नंबर हुता, माझ्यासारखाच. अक्का, तुला शाळेचा कंटाळा कधीच न्हवता. माझी भाकरी कोण थापणार, म्हणून तुला शाळेतनं काढली."